धावपट्टी लांबली, पण विमान टिकणार का?

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ही चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती आणि होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या उड्डाणमार्गात येत होती. तिच्यावरून शहरात कित्येक वर्षं वाद पेटलेला होता. एका बाजूला विमानसेवेसाठी चक्री उपोषणं, दुसऱ्या बाजूला कारखान्याच्या पाठीशी उभे राहिलेले ऊसउत्पादक सभासद, आणि मध्ये न्यायालयाच्या तारखा. चिमणी काही क्षणांत खाली आली. विमान यायला मात्र पुढे जवळपास दोन वर्षं लागली. विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ ला झालं, गोव्याचं पहिलं विमान ९ जून २०२५ ला उडालं आणि सोलापूरकर ज्याची खरी वाट पाहत होते ते मुंबईचं विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं.

चिमणी हा अडथळा होता, पण तो एकटा नव्हता. विमानतळ तयार असणं आणि तिथे रोज विमान उतरणं यांत बरंच अंतर आहे. मध्यम आकाराच्या शहरांतली चर्चा बहुतेक वेळा पहिल्या गोष्टीपाशीच थांबते. धावपट्टी किती लांब होणार, टर्मिनल किती कोटींचं, नाव कुणाचं द्यायचं, इथपर्यंत सगळ्यांना उत्साह असतो. विमान किती वाजता सुटणार, किती आसनांचं असणार, सरकारी मदत संपल्यावर कंपनी थांबणार की निघून जाणार, हे प्रश्न मागे राहतात. खरं तर शहराला विमानाचा उपयोग होणार की नाही, हे याच प्रश्नांवर ठरतं. ते समजून घ्यायला महाराष्ट्रात कोल्हापूरइतकं बोलकं उदाहरण नाही.

उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानी काळातला. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये तो उभारला. विमानतळाला त्यांचं नाव द्यावं, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये केला. एवढी जुनी परंपरा असूनही कोल्हापूरला सलग, भरवशाची विमानसेवा अशी फारशी मिळालीच नाही. आजच्या पिढीला आठवतं ते किंगफिशरचं मुंबईचं विमान. २०११ च्या अखेरीस ते बंद पडलं आणि पुढच्या वर्षी कंपनीच बंद पडली. त्यानंतर सहा वर्षं उजळाईवाडीला एकही नियमित प्रवासी विमान उतरलं नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या कारखानदारांना मोटारीने बेळगाव नाहीतर पुणे गाठून तिथून विमान पकडावं लागे. परदेशी ग्राहकाला फाउंड्री दाखवायची तर त्याला पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटर रस्त्याने आणावं लागे.

२०१३ मध्ये विमानतळ एमआयडीसीकडून भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. पुढे केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनने मुंबईची सेवा सुरू केली. जेमतेम १८-१९ प्रवासी बसतील एवढं छोटं बीचक्राफ्ट विमान होतं ते. पहिल्या उड्डाणाला हारतुरे झाले, आणि काही महिन्यांत ही सेवाही बंद पडली. डिसेंबर २०१८ मध्ये अलायन्स एअरने हैदराबाद-कोल्हापूर-बंगळुरू असा मार्ग सुरू केला. मे २०१९ मध्ये इंडिगो तिरुपतीहून आली.

या तिरुपतीच्या मार्गाकडे थोडं थांबून पाहायला हवं. अंबाबाई आणि बालाजी यांचं नातं कोल्हापुरात घरोघरी सांगितलं जातं. नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो. बालाजीचं दर्शन घेतलं की कोल्हापूरला येऊन देवीचं दर्शन घ्यावं, ही रीत आंध्र आणि तेलंगणातल्या कितीतरी घरांत आहे. याच भाविकांसाठी हरिप्रिया एक्सप्रेस वर्षानुवर्षं कोल्हापूर-तिरुपती धावते आहे. म्हणजे या मार्गावर प्रवासी आधीपासूनच होते, विमान त्यांच्यामागून आलं. नकाशावर दोन शहरांमध्ये रेघ मारून मागणी तयार होत नाही, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

मुंबईच्या मार्गावर पुढे ट्रूजेट आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीची सगळीच उड्डाणं थांबली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने मुंबई पुन्हा जोडली. ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच घोडावत उद्योगसमूहाची आहे. किंगफिशर, एअर डेक्कन, ट्रूजेट आणि स्टार एअर अशा चार कंपन्या सुमारे अकरा वर्षांच्या काळात एकाच मार्गावर येऊन गेल्या किंवा आल्या. प्रत्येक वेळी मधे खंड पडला, आणि प्रत्येक खंडात लोकांनी पुन्हा रात्रीची रेल्वे आणि खासगी बस धरली. एकदा मोडलेली सवय नव्या कंपनीला पहिल्यापासून लावावी लागते, तिचा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

कंपन्या अशा बदलत असताना विमानतळ मात्र वाढत होता. मूळची १,३७० मीटरची धावपट्टी टप्प्याटप्प्याने वाढवत २,३०० मीटरपर्यंत नेण्याचं काम प्राधिकरणाने हाती घेतलं. २०२२ मध्ये रात्री विमान उतरवायला परवानगी मिळाली. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला पंतप्रधानांनी आझमगढहून दूरदृश्य प्रणालीद्वारे केलं. त्याच दिवशी पुण्यासह देशातल्या इतर अनेक विमानतळांच्या नव्या इमारतींचंही उद्घाटन झालं. कोल्हापूरच्या इमारतीच्या दर्शनी भागात इथल्या राजवाड्यांच्या आणि पन्हाळ्याच्या कमानींची आठवण जपली आहे. गर्दीच्या तासाला ५०० प्रवासी सामावून घेण्याची तिची क्षमता आहे.

धावपट्टीच्या लांबीचं एवढं महत्त्व का, हे नीट सांगायला हवं, कारण ‘मोठी धावपट्टी म्हणजे मोठं विमान’ एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पंख्याच्या इंजिनाचं ७० ते ७८ आसनांचं एटीआर विमान तुलनेने आखूड धावपट्टीवर उतरू शकतं. १८० आसनांच्या एअरबस ३२० ला, पूर्ण भरलेलं असेल तर, साधारण दोन हजार मीटर किंवा त्याहून जास्त जागा लागते. आता यात तापमान आणि उंची मिसळा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. उंचावरची आणि तापलेली हवा विरळ असते. पंखांना त्यातून उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून तेच विमान, तेवढंच वजन घेऊन, मे महिन्यातल्या दुपारी जास्त धावतं तेव्हा कुठे जमीन सोडतं. धावपट्टी अपुरी असेल तर वैमानिकापुढे एकच मार्ग उरतो, वजन कमी करायचा. काही आसनं रिकामी ठेवायची, सामान मागे ठेवायचं किंवा इंधन कमी भरायचं. ७८ पैकी १५ आसनं विकताच येत नसतील तर त्या मार्गावरचा नफा तिथेच संपतो.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आकाशातही मोकळी जागा लागते. मोठ्या धावपट्टीसाठी उतरण्याच्या मार्गाचा हिशेब असा मांडतात की टोकापासून दर ५० मीटर अंतराला १ मीटर उंची चालते. म्हणजे तीन किलोमीटरवर सुमारे ६० मीटरपेक्षा उंच काही नको. कारखान्याची चिमणी, मोबाइलचा मनोरा, नव्या वसाहतीतली दहामजली इमारत, सगळं या रेषेखाली राहिलं पाहिजे. सोलापूरचा वाद या रेषेवरूनच झाला. धावपट्टी जितकी लांबवाल तितकी ही रेषाही पुढच्या गावांवर सरकते, आणि बांधकामाची बंधनं तिच्याबरोबर जातात. विमानतळाच्या विस्ताराची ही बाजू शेजारच्या ग्रामपंचायतींना बऱ्याचदा खूप उशिरा कळते.

जमिनीवरच्या अडथळ्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या ट्रकला धडकलं. ५५ जणांचा जीव गेला. विमानतळाशेजारचे रस्ते बंद करणं, वळवणं, टोकाला मोकळी सुरक्षित पट्टी राखणं या गोष्टी कागदी वाटतात. त्यांच्यामागे असे दिवस आहेत.

तरीही जमीन द्यावी लागते ती गावांना. कोल्हापुरात धावपट्टीच्या विस्तारासाठी गडमुडशिंगीची ६४ एकर जमीन घ्यायचं ठरलं. तिथला शेतकरी बागायतदार आहे, ऊस आणि भाजीपाला पिकवणारा आहे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात त्याला पैसा मिळतो, पण तेवढ्या पैशात त्याच परिसरात तेवढंच पाणी असलेली जमीन मिळत नाही, कारण विमानतळामुळेच भाव चढलेले असतात. नेर्ली-तामगावसारख्या गावांचा रोजचा रस्ता बदलतो. सोलापुरात तर दुहेरी गोष्ट आहे. होटगी रस्त्यावरचा विमानतळ शहराला लागून आहे, म्हणून बोरामणीला नव्या विमानतळासाठी मोठं क्षेत्र संपादित केलं गेलं. त्यातली काही जमीन वनखात्याची आणि हा सगळा टापू माळढोक पक्ष्याच्या माळरानांचा. तिथे परवानग्यांचा घोळ वर्षानुवर्षं सुटला नाही. ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या शेतावर विमानतळही झाला नाही. विस्ताराची घोषणा करताना या माणसांचा उल्लेख ‘भूसंपादन पूर्ण’ या दोन शब्दांत होतो, आणि ते चुकीचं आहे.

आता धावपट्टी झाली, रात्रीचे दिवे लागले, टर्मिनल चकाचक झालं असं धरू. कंपनी येते का?

कंपनी पहिल्यांदा पाहते ती मुंबईतली वेळ. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं उतरतात आणि सुटतात, त्याहून जास्त नाहीत. उतरण्या-सुटण्याची ही ठरावीक वेळ म्हणजे ‘स्लॉट’. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळांतला स्लॉट म्हणजे सोनं. तो दिल्लीच्या २२० आसनी विमानाला द्यायचा की कोल्हापूरच्या ७६ आसनी विमानाला, हा प्रश्न कुठल्याही कंपनीला पडला तर उत्तर काय येईल ते सांगायला नको. एअर डेक्कनच्या काळापासून जळगाव, नाशिक, कोल्हापूरच्या विमानांना मुंबईत सोयीची वेळ मिळणं हेच मोठं दुखणं राहिलं आहे.

वेळेचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण मध्यम शहराच्या विमानसेवेचा जीव त्यातच आहे. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस आणि सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघतात आणि सकाळी मुंबईत सोडतात. झोप गाडीत होते, दिवस कामाला मिळतो, परतीलाही तेच. सोलापूर-मुंबई वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून धावते आहे आणि सुमारे साडेसहा तासांत पोचवते. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर वंदे भारतही आहे. या गाड्यांपुढे विमान जिंकतं ते एकाच परिस्थितीत, सकाळी जाऊन काम आटोपून संध्याकाळी घरी येता आलं तर. विमान दुपारी एक वाजता सुटत असेल, तेही आठवड्यातले काही दिवसच, तर एक तासाच्या उड्डाणासाठी माणसाचा अख्खा दिवस जातो आणि मुंबईत हॉटेलचा खर्च वेगळा. मग आसनं भरत नाहीत, कंपनी म्हणते मागणी नाही, आणि शहर म्हणतं कंपनीला कोल्हापूरची कदर नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुसरी गोष्ट मदतीची. ‘उडान’ योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधानांनी तिची पहिली उड्डाणं सुरू केली, त्यांत शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होतं. योजनेचा गाभा सोपा आहे. साधारण तासाभराच्या प्रवासासाठी विमानातल्या निम्म्या आसनांचं भाडं सुरुवातीला २,५०० रुपयांपर्यंत बांधून दिलं. त्यामुळे कंपनीला येणारी तूट सरकार भरून देणार, त्यात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २० टक्के. केंद्राचा पैसा येतो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून. म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी नांदेड-हैदराबादच्या प्रवाशाला थोडा हातभार लावतो. ही कल्पना न्याय्य आहे. राज्यांनी अशा विमानतळांवर इंधनावरचा कर एक टक्का किंवा त्याहून कमी करायचा, हेही ठरलं. इंधन हा विमान कंपनीच्या खर्चातला सगळ्यांत मोठा भाग असल्याने याचा अर्थ मोठा आहे. मदत आणि मार्गावरचा एकाधिकार मात्र तीनच वर्षांचा.

तीन वर्षांनंतर काय झालं, ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ मधल्या अहवालात आहे. ‘उडान’च्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ते फक्त ५४, म्हणजे दिलेल्या मार्गांच्या सात टक्के.

हे आकडे कोकणात सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या रूपाने डोळ्यांसमोर उभे राहतात. अडीच किलोमीटरची धावपट्टी असलेला हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. अलायन्स एअरचं मुंबई विमान गणपतीला चाकरमान्यांनी भरून जायचं. तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बंद झालं. मधल्या काळात जवळच गोव्यातला मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला होता, तिथे मोठी विमानं, जास्त फेऱ्या आणि बऱ्याचदा स्वस्त तिकिटं. सावंतवाडीचा माणूस मोपाला जाणारच. बेळगावचंही असंच झालं. ‘उडान’च्या तिसऱ्या टप्प्यात बेळगावला डझनभर मार्ग मिळाले, कोल्हापूरकरांनीही त्यांचा लाभ घेतला, आणि मुदती संपत गेल्या तसे त्यांतले कितीतरी बंद झाले. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन विमानतळांत रस्त्याने अंतर सुमारे ११० किलोमीटर. दोन्ही एकाच पट्ट्यातल्या प्रवाशांवर जगू पाहतात, आणि दोन राज्यांची सरकारं आपापला विमानतळ मोठा करत राहतात.

छोट्या विमानतळाच्या कमाईचीही एक अडचण आहे, ती फार कमी वेळा बोलली जाते. प्राधिकरणाच्या विमानतळांवर देशांतर्गत नियमित सेवेच्या ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ आहे. छोट्या शहरांना सेवा मिळावी म्हणून ही सवलत दिली गेली आणि तिचा उपयोगही झाला. पण तिचा अर्थ असा की केवळ छोटी विमानं उतरणाऱ्या विमानतळाला त्या उतरण्यातून काहीच मिळत नाही. अग्निशमनाच्या गाड्या, सुरक्षारक्षक, हवाई वाहतूक नियंत्रण, वातानुकूलन यांचा खर्च मात्र दिवसाला दोन विमानं आली काय नि दहा आली काय, जवळपास सारखाच. कोल्हापूरसारख्या टर्मिनलचा खर्च भागायचा तर दिवसभरात विमानांची ये-जा हवी, दुकानं चालायला हवीत, वाहनतळ भरायला हवा. पाचशे माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत एका वेळी सत्तर माणसं असतील तर तिचा भार देशातल्या मोठ्या विमानतळांवर पडतो. तो त्यांनी उचलावा, याला हरकत नाही. पण तो कायम उचलावा लागेल की काही वर्षांत कमी होईल, याचं उत्तर वेळापत्रकाकडून येतं.

वेळापत्रकाची आणखी एक बाजू प्रवाशाला रोज भोगावी लागते. कोल्हापूरला येणारं विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरत असतं. सकाळी पहिल्या शहरात धुक्याने अर्धा तास गेला की तो उशीर साखळीने पुढे सरकतो आणि कोल्हापूरला दोन तास होतो. पावसाळ्यात ढग खाली उतरले की विमानतळाच्या उपकरणांवर सगळं अवलंबून असतं. नुसत्या नजरेच्या आधाराने उतरायचं तर पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं, आणि कोल्हापूरच्या जुलैमध्ये तेवढं दिसणं ही रोजची गोष्ट नाही. कुठली तरी फेरी रद्द करायचीच असेल तर कंपनी छोट्या शहराची करते, कारण तिथे कमी प्रवासी अडकतात. पण दिल्लीच्या अडकलेल्या प्रवाशाला दोन तासांनी दुसरं विमान असतं, कोल्हापूरच्या प्रवाशाला उद्या, नाहीतर परवा. म्हणून छोट्या शहरातल्या रद्द फेरीची इजा मोठी असते. तीनदा असं झालं की व्यापारी पुन्हा विमानाचं तिकीट काढत नाही.

देशातल्या विमान कंपन्यांची संख्या घटत गेल्यानेही ही जोखीम वाढली आहे. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजने नाशिक-दिल्ली सेवा सुरू केली तेव्हा नाशिकचे उद्योजक आणि द्राक्ष-कांद्याचे निर्यातदार खूश होते. एप्रिल २०१९ मध्ये जेटच बंद पडली. त्याच वेळी संभाजीनगरचीही जेटवरची विमानं गेली, आणि वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटनाने त्याचा फटका सोसला. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. विस्तारा २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आज देशातली साठ टक्क्यांहून जास्त देशांतर्गत वाहतूक एकट्या इंडिगोकडे आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना या कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं आणि देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. ज्या शहरात तिच्याशिवाय दुसरी कंपनीच नाही, तिथल्या माणसाला तेव्हा पर्यायच नव्हता.

म्हणून स्टार एअर, फ्लाय ९१ यांसारख्या छोट्या प्रादेशिक कंपन्या टिकणं महाराष्ट्राच्या हिताचं आहे. सोलापूरला गोवा जोडलं ते फ्लाय ९१ ने आणि मुंबई जोडली ती स्टार एअरने. सोलापूरच्या मुंबई सेवेसाठी राज्य सरकारने तुटीचा भार स्वतःच्या तिजोरीतून उचलायचं ठरवलं. हा निर्णय चांगला आहे, पण त्याला अट हवी होती. महिन्यातली किती उड्डाणं प्रत्यक्ष झाली, किती वेळेवर सुटली, यावर मदतीची रक्कम ठरावी. रिकामं का होईना, पण ठरल्या वेळेला रोज उडणारं विमान दोन वर्षांत प्रवासी तयार करतं. कधी उडणारं, कधी न उडणारं विमान तयार प्रवासीही घालवतं.

प्रवासाच्या दिशाही बदलत आहेत, आणि मार्ग ठरवताना जुन्या सवयीने फक्त मुंबईकडे पाहणं आता पुरेसं नाही. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीची मुलं मोठ्या संख्येने बंगळुरू आणि हैदराबादला नोकरी करतात. सोलापूरच्या पूर्वभागात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांची सोयरीक तेलंगणात आहे. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या सगळ्यांना सोलापूर जवळचं, आणि तिथे येणारा भाविक कर्नाटक, आंध्र, तेलंगणातलाही आहे. दुसरीकडे मुंबईकडे जाण्याचं एक मोठं कारण कमी झालं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार पूर्वी तारखेसाठी मुंबईला जात, आता ते कोल्हापूरला येतात. मुंबईहून येणाऱ्या ज्येष्ठ वकिलांसाठी मात्र सकाळी साडेनऊपर्यंत पोचवणारं विमान हवं आहे. गरज तीच, दिशा उलटी. अशा गोष्टी कंपनीच्या मुख्यालयातल्या संगणकाला आपोआप कळत नाहीत, शहरातल्या व्यापारी संघटनांनी आणि बार असोसिएशनने त्या आकड्यांनिशी मांडायच्या असतात.

येत्या काळातली सगळ्यांत मोठी संधी पनवेलजवळ उभी राहिली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. मुंबईत न मिळणारे सकाळ-संध्याकाळचे स्लॉट तिथे आज मोकळे आहेत. हे फार दिवस टिकणार नाही. दिल्ली, बंगळुरू, दुबईच्या मार्गांनी ते भरत जातील आणि पाच वर्षांनी नवी मुंबईतही तीच ओढाताण सुरू होईल. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला अमरावतीचा बेलोरा विमानतळ, नांदेड, जळगाव, सोलापूर, कोल्हापूर या सगळ्यांसाठी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी वेळ आत्ताच राखून ठेवायला हवी. नवी मुंबईचा विमानतळ उभारण्यात सिडकोच्या रूपाने राज्याचा वाटा आहे, तेव्हा ही मागणी करायचा राज्याला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी एक इंचही नवी जमीन लागत नाही, कुठली चिमणी पाडावी लागत नाही. जिल्ह्याच्या खासदारांनी आणि पालकमंत्र्यांनी पुढच्या उद्घाटनाआधी या दोन वेळा लेखी मिळवून आणाव्यात, आणि त्या कोणत्या महिन्यापासून लागू होणार, तेही त्याच कागदावर असावं.